एवढ्याशा लेकराचं रक्त काढायचं तरी किती?

मिरजेतल्या कुठल्याही दवाखान्यात लहान मुलांच्या वॉर्डाबाहेर थोडा वेळ बसा, एक वाक्य हमखास कानावर पडतं. बोलणारी बहुधा आजी असते. जतहून, कवठेमहांकाळहून, नाहीतर पार विजापूरकडून आलेली. "एवढंसं लेकरू, त्येच्या अंगात रगात हाय किती, आन् ह्यांचं आपलं नळ्या भरभरून न्यायचं चाललंय." सिस्टर घाईत असते, डॉक्टर राऊंडला गेलेले असतात, आणि नळ्या नेणारे आम्ही लॅबवाले "तपासायला नको का आजी" एवढं बोलून जिना उतरतो.

आजींचा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. औषधशास्त्रातल्या मोठमोठ्या मंडळींना तो अनेक वर्षं अडवून बसला होता. आजारी बाळाचं रक्त काढवत नाही, म्हणून त्याच्या अंगात औषध किती चढतं, किती वेळ टिकतं हे कुणी नीट मोजलं नाही. आणि मोजलं नाही म्हणून कितीतरी औषधांचे डोस अंदाजानं ठरले. आता मोजायच्या पद्धती बदलल्यात. लेकरू अतिदक्षता विभागात असताना एखादे डॉक्टर संमतीचा कागद पुढे करून विचारतात, "औषधाच्या अभ्यासासाठी दोन-चार थेंब रक्त घेऊ का?" आईबाप आधीच हबकलेले असतात. हे थेंब कशासाठी, किती, आणि नाही म्हटलं तर काय, हे बसून सांगायला तिथं कुणाला सवड नसते. म्हणून हा लेख.

आधी रक्ताचा हिशेब

मोठ्या माणसात किलोमागे साधारण ७० मिली रक्त असतं. म्हणजे ६० किलोच्या माणसात सुमारे ४,२०० मिली. रक्तदानाला ३५० मिली दिलं की त्यातलं आठ टक्क्यांच्या आसपास जातं, आणि आपण बिस्किट-कॉफी घेऊन घरी येतो. नवजात बाळात किलोमागे ८० ते ९० मिली असतं, अपुऱ्या दिवसांच्या बाळात त्याहून थोडं जास्तच. पण बाळ किलोभराचंच असेल तर? काचेच्या पेटीत ठेवलेल्या १ किलोच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून ९० मिलीच्या आसपास रक्त असतं. बस्स.

आता औषधाचा जुन्या पद्धतीचा अभ्यास घ्या. औषध दिल्यावर अर्ध्या तासानं, मग एक, दोन, चार, आठ, बारा आणि चोवीस तासांनी रक्त घ्यायचं, दर वेळी २ मिली. मोठ्या माणसाला त्याचं काही वाटत नाही. १ किलोच्या बाळाचे मात्र १४ मिली गेले, म्हणजे अंगातल्या रक्ताचा सहावा-सातवा हिस्सा. तुमच्या-माझ्या अंगातून एका दिवसात साडेसहाशे मिली काढण्यासारखं झालं हे. असा अभ्यास कुणी मागितला तर नाही म्हणणारे डॉक्टर बरोबरच होते.

शिवाय रोजच्या तपासण्या असतातच. साखर, रक्तातले वायू, सोडियम-पोटॅशियम. रक्तात जंतू वाढतात का पाहणाऱ्या ब्लड कल्चरला तर एकट्यालाच निदान १ मिली लागतं. रक्तवाहिनीत घालून ठेवलेल्या नळीतून, म्हणजे लाइनमधून, रक्त घेताना नळीतलं सलाईन मिसळलेलं पहिलं रक्त बाजूला काढावं लागतं; ते परत दिलं नाही तर तेही गेलंच, आणि ते कुठल्या रिपोर्टवर दिसत नाही. फार कमी वजनाच्या बाळांना रक्त चढवण्याची वेळ येते, त्यामागे तपासणीसाठी काढलेलं रक्त हे एक मोठं कारण असतं. बालरोगतज्ज्ञ हे लपवत नाहीत.

म्हणून अभ्यासासाठीच्या रक्ताला मर्यादा घालून दिल्या आहेत. युरोपीय संघाची मार्गदर्शक सूचना सांगते की संशोधनापायी जाणारं रक्त एका वेळी अंगातल्या एकूण रक्ताच्या १ टक्क्यावर आणि चार आठवड्यांत मिळून ३ टक्क्यांवर जाऊ नये. आपल्या १ किलोच्या बाळाला लावून पाहा: एका वेळी पाऊण-एक मिली, चार आठवड्यांत अडीच-पावणेतीन मिली. वाया गेलेलं रक्तही यातच धरायचं. एवढ्यात सात नमुने बसवायचे, तर एकेक नमुना थेंबांत मोजावा लागणार.

मोठ्यांची गोळी अर्धी करून का चालत नाही

घरोघरी चालणारा हिशेब सोपा आहे: बापाला एक गोळी, पोराला अर्धी, तान्ह्याला पाव. अडचण अशी की शरीराचं यकृत आणि मूत्रपिंड वजनाच्या हिशेबानं वाढत नाही.

चहातलं कॅफीन घ्या. चार वाजता चहा घेतला तर त्यातलं निम्मं कॅफीन रात्री नऊच्या सुमारास आपल्या शरीरानं निकालात काढलेलं असतं. नवजात बाळाला तेवढ्याच कामाला तीन-चार दिवस लागतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा श्वास मधूनच थांबतो, त्यावर औषध म्हणून कॅफीनच देतात. दिवसातून एकदा दिलं तरी पुरतं ते त्यामुळेच. तेच बाळ वर्षाचं व्हायच्या आत कॅफीन मोठ्यांसारखं पचवायला लागतं. उलटही घडतं. दोन-तीन वर्षांच्या मुलाचं यकृत काही औषधं किलोमागे मोठ्यांपेक्षा जास्त वेगानं संपवतं, आणि मग अंदाजानं दिलेला 'लहान' डोस फारच लहान ठरतो. शिराळ्याकडच्या लोकांना वेगळंच उदाहरण ठाऊक असेल: साप चावल्यावर प्रतिविषाचा डोस लहान मुलालाही मोठ्याइतकाच देतात, कारण साप मूल बघून विष कमी सोडत नाही. वजनाचा नियम तिथं मुळीच लागू नाही.

अंदाज चुकला की काय होतं, ते १९५९ साली कळलं. क्लोरॅम्फेनिकॉल हे तेव्हाचं नावाजलेलं औषध, टायफॉइडवर सर्रास वापरलं जाई. अमेरिकेत लॉस एंजेलिसमध्ये, पाणमोट आधीच फुटून जन्मलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांना जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून ते देत असत. बाळं राखाडी पडत, थंड पडत आणि दगावत. डॉक्टरांनी गट पाडून पाहिलं. काहीच औषध न दिलेल्यांत १९ टक्के बाळं दगावली, क्लोरॅम्फेनिकॉल दिलेल्यांत ६० टक्के. नवजात यकृताला हे औषध निकालात काढता येत नव्हतं, डोसावर डोस साचत गेला. औषध भेसळीचं नव्हतं, डॉक्टर निष्काळजी नव्हते. या वयाच्या बाळाच्या रक्तात ते किती साठतं हे कुणी मोजलेलं नव्हतं, एवढंच.

हे सांगायचं कारण, रक्त न काढणं म्हणजे बाळाला जपणं, असं आपल्याला सहज वाटतं. त्या बाळांच्या बाबतीत न मोजणंच जिवावर बेतलं.

आयर्विन पुलावरची पट्टी

औषध अंगात शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंतचा हिशेब मांडणाऱ्या शास्त्राला फार्माकोकायनेटिक्स म्हणतात. नाव विसरलात तरी चालेल. सांगलीकराला ते शास्त्र आधीच येतं.

पावसाळ्यात आपण सगळे कृष्णेच्या पाण्याचा एकच आकडा विचारतो, सांगलीच्या आयर्विन पुलावरच्या पट्टीवरचा: आयर्विनला किती? ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. तो आकडा तीन गोष्टींवर ठरतो. वरून, कोयनेतून आणि पावसातून, किती येतंय. इथं पात्र किती रुंद आहे. आणि खाली अलमट्टीकडे किती वेगानं निघून जातंय. औषधाच्या रक्तातल्या पातळीचंही तसंच. येणारं म्हणजे डोस. पात्र म्हणजे औषध जिथवर पसरतं तेवढं शरीर. नवजात बाळाच्या वजनातला पाऊण भाग पाणीच असतं, त्यामुळे पाण्यात विरघळणाऱ्या औषधाला त्याचं पात्र किलोमागे मोठ्यांपेक्षा रुंद पडतं. निघून जाणारं म्हणजे मूत्रपिंड आणि यकृत जे बाहेर टाकतात ते.

रेघाही दोन असतात, फक्त इथं खालचीही महत्त्वाची. अमिकासिन किंवा जेन्टामायसिनसारख्या प्रतिजैविकाची पातळी खालच्या रेघेपर्यंत पोचलीच नाही तर जंतू मरत नाहीत. वरच्या रेघेच्या वर साचत राहिली तर मूत्रपिंडाला आणि कानाला इजा होते. बाळ बरं होऊन घरी जातं आणि दोन वर्षांनी कळतं की हाक मारली तर बघत नाही.

गंभीर आजारी मुलात या तिन्ही गोष्टी एकदम हलतात. रक्तात जंतुसंसर्ग पसरला की रक्तवाहिन्या पाझरायला लागतात, त्यात डॉक्टर भराभर सलाईन देतात, अंग सुजतं. पात्र रुंदावलं, तोच डोस पातळ झाला. काही मुलांची मूत्रपिंडं या अवस्थेत नेहमीपेक्षा जास्त वेगानं काम करतात आणि औषध टिकूच देत नाहीत. दुसऱ्या मुलाची त्याच आजारात बंद पडतात आणि औषध साचतं. कधी तर आज भराभर बाहेर टाकणारं मूल परवा साचवायला लागतं. वॉर्डातल्या बऱ्या होत चाललेल्या मुलांवर केलेला अभ्यास इथं कामाला येत नाही. अतिदक्षता विभागातल्या मुलाचा डोस ठरवायचा तर मोजणीही अतिदक्षता विभागातच करावी लागते, म्हणजे ज्या मुलांतून रक्त काढायला हात धजत नाही त्यांच्यातच.

आयर्विनची पट्टी वाचल्यानं कृष्णेचं पाणी कमी होत नाही. बाळाची पातळी वाचायची तर त्यातलंच थोडं काढावं लागतं, सगळा पेच तो आहे.

थेंबात भागतं कसं

सलाईनच्या साध्या सेटमधून साधारण २० थेंब पडले की १ मिली होतं. म्हणजे एक थेंब ५० मायक्रोलिटर. १ मिलीचे हजार भाग केले तर त्यातले पन्नास. पूर्वीच्या यंत्रांना औषध मोजायला एक-दोन मिली रक्त लागायचं. आताच्या मास स्पेक्ट्रोमीटरला एका थेंबाचाही भाग पुरतो. हे यंत्र नमुन्यातले रेणू वेगवेगळे करतं आणि त्यांच्या वजनावरून ओळखून मोजतं. किंमत कोटीच्या घरात, चालवायला शिकलेलं माणूस हवं, म्हणून ते तालुक्याच्या गावी नसतं आणि नमुना त्याच्याकडे पाठवावा लागतो. असे थोडक्या रक्ताचे नमुने घेण्याला मायक्रोसॅम्पलिंग म्हणतात.

नमुना घ्यायच्या तीन तऱ्हा आहेत. पहिली, साधंच रक्त पण बारीक नळीत. दुसरी, टीपकागदासारख्या जाड कागदावर थेंब सुकवायचा. अमेरिकेतल्या रॉबर्ट गथ्री यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला नवजात बाळांच्या एका जन्मजात विकाराची चाचणी अशा कागदावर सुरू केली, आणि टाचेला टोचून कार्डावर घेतलेला थेंब तेव्हापासून जगभर रूढ आहे. तिसरी तऱ्हा नवी: प्लास्टिकच्या दांडीच्या टोकाला छोटं शोषक बोंड असतं, ते रक्ताला लावलं की ठरावीक १० किंवा २० मायक्रोलिटर शोषून घेतं, एक कण जास्त नाही.

कार्डाची पद्धत जवळून पाहण्यासारखी आहे. बाळाची टाच आधी कोमट कपड्यानं शेकायची, थंड टाचेतून रक्त येत नाही. टोचायचं टाचेच्या बाजूला. मधोमध कधीच नाही, तिथं हाड वर असतं. पहिला थेंब कापसानं पुसून टाकायचा. दुसरा आपसूक मोठा होऊ द्यायचा आणि कार्डावरच्या छापील गोलात एकदाच पडू द्यायचा. कमी पडला म्हणून वर दुसरा थेंब टाकला की नमुना गेला. टाच पिळायची नाही. पिळली की मांसातलं पाणी मिसळतं आणि पातळी खोटी कमी येते. मग कार्ड आडवं, उन्हापासून लांब, तीन-चार तास सुकवायचं. जुलैतल्या दमट हवेत त्याला जास्त वेळ लागतो, आणि अर्धवट सुकलेलं कार्ड पाकिटात घातलं तर बुरशी येते. सुकल्यावर सिलिका जेलच्या पुडीसोबत पिशवीत. आता ते बर्फाच्या डब्याशिवाय साध्या पाकिटातून पुण्या-मुंबईच्या लॅबला जाऊ शकतं. जिल्ह्याच्या गावांना ही फार मोठी सोय आहे, माझ्या मते थेंबाच्या बचतीइतकीच मोठी.

एका लेकराकडून सगळे आकडे नकोतच

थेंब लहान केला तरी सात वेळा टोचायचं म्हणजे सात वेळा रडणं. त्यावरचा उपाय यंत्रातून आला नाही, गणितातून आला.

समजा पूर आलाय आणि प्रत्येकाला पट्टी फक्त एकदाच वाचायची मुभा आहे. एकजण पहाटे कराडला वाचतो, दुसरा दुपारी भिलवडीला, तिसरा रात्री आयर्विनला. एकेकट्याच्या आकड्यावरून काही कळत नाही. पण नदी कशी चालते हे ठाऊक असेल आणि कुणी कुठं, किती वाजता वाचलं हे नोंदलेलं असेल, तर सगळे आकडे एकत्र मांडून पूर कसा चढला, कसा उतरला याची अख्खी रेघ काढता येते. मुलांच्या अभ्यासात असंच करतात. एका मुलाचे दोन नमुने औषधानंतर एक तासानं आणि सहा तासांनी, दुसऱ्याचे तीन आणि अकरा तासांनी. सोबत प्रत्येकाचं वय, वजन, मूत्रपिंडाच्या तपासणीचे आकडे. संगणक त्यातून सरासरी मुलाची रेघ काढतोच, शिवाय अमुक वजनाच्या, मूत्रपिंड अर्धवट चालणाऱ्या मुलाची रेघ त्याहून किती वेगळी असेल तेही सांगतो.

ही कल्पना अमेरिकेतल्या लुइस शायनर यांनी १९७० च्या दशकात मांडली. १९७७ च्या त्यांच्या गाजलेल्या शोधनिबंधाचा विषयच रोजच्या उपचारातल्या विखुरलेल्या नोंदींवरून औषधाचा हिशेब काढणं हा होता. त्यावर तीन लेखकांची नावं आहेत आणि तिसरं आडनाव मराठे आहे. आपलं वाटलं म्हणून सांगितलं.

या पद्धतीत एक गोष्ट मात्र चुकून चालत नाही: वेळ. औषधाची ड्रिप किती वाजता लावली, किती वाजता संपली, रक्त किती वाजता घेतलं. चार्टवर 'रात्री १० वा.' लिहिलेलं असतं, कारण डोसाची वेळ दहाची; प्रत्यक्षात शेजारच्या पेटीतल्या बाळाचा श्वास अडकला म्हणून सिस्टरनं ड्रिप पावणेअकराला लावलेली असते. सिस्टरचं काही चुकलं नाही, तिनं आधी जीव वाचवला. पण त्या बाळाचा थेंब आता गणिताला चुकीची दिशा दाखवतो. असल्या अभ्यासात मला विचाराल तर महागड्या यंत्राच्या आधी प्रत्येक पेटीजवळ बरोबर चालणारं घड्याळ आणि नोंद करायला वेगळं माणूस हवं.

उरलेलं रक्त

लॅबमध्ये रोज थोडं रक्त उरतं. तपासणीला अर्धा मिली आलं, यंत्रानं त्यातलं थोडं घेतलं, बाकी फ्रीजमध्ये दोन दिवस राहून टाकून दिलं जातं. परवानगी असेल तर हेच उरलेलं रक्त औषधाच्या मोजणीला वापरता येतं. जास्त टोचणं नाही, जास्त रक्तही नाही. दुसरा मार्ग असा की डॉक्टरांनी तपासणीसाठी रक्त घ्यायचं ठरवलेलंच असतं, त्याच टोचण्यात दोन थेंब जास्तीचे घ्यायचे. अमेरिकेत अशा जाता जाता मिळालेल्या नमुन्यांवर मुलांच्या कितीतरी जुन्या औषधांचे अभ्यास सरकारी मदतीनं झाले, कारण जुन्या औषधांत कंपन्यांना पैसा दिसत नव्हता.

मर्यादा इथंही आहेत. उरलेली नळी टेबलावर किती वेळ पडून होती, कुणास ठाऊक. मेरोपेनेमसारखी प्रतिजैविकं साध्या तापमानाला टिकत नाहीत, नळीत पडल्या पडल्या कमी व्हायला लागतात. अशा औषधाला उरलेलं रक्त चालणार नाही आणि टपालानं जाणारं कार्डही सांभाळूनच वापरावं लागेल.

एवढ्याशा रक्तावर विश्वास ठेवायचा?

ही शंका डॉक्टरही घेतात, आणि ती रास्त आहे.

कार्डावरच्या थेंबाचा एक खोडसाळपणा आहे. रक्तात लाल पेशींचं प्रमाण किती, याला हिमॅटोक्रिट म्हणतात. धडधाकट नवजात बाळाचं रक्त दाट असतं, ५० टक्क्यांच्या आसपास; आजारानं फिकट पडलेल्या मुलाचं ३० च्या खालीही जातं. पातळ रक्त कागदावर जास्त पसरतं. आपण मोजायला कागदाची ठरावीक मापाची टिकली कापतो, तिच्यात मग रक्तच कमी येतं आणि औषधाची पातळी आहे त्यापेक्षा कमी दिसते. डॉक्टर ती पाहून डोस वाढवतील. म्हणजे सगळ्यात अशक्त मुलाच्या बाबतीत चूक नेमकी धोक्याच्या बाजूला. म्हणूनच ठरावीक माप शोषणारं ते बोंड आलं; रक्त दाट असो की पातळ, ते तेवढंच घेतं. तरीही सुकलेल्या पूर्ण रक्तातला आकडा आणि नेहमीच्या पद्धतीनं रक्तद्रवात (पेशी काढल्यावर उरणाऱ्या पाण्यासारख्या भागात) मोजलेला आकडा एक नसतात. प्रत्येक औषधासाठी आधी काही मुलांचे दोन्ही नमुने एकाच वेळी घेऊन जुळवून पाहावे लागतात. तेवढं काम न करता नुसत्या कार्डावर डोस ठरवायला निघालेला अभ्यास मी तरी मानणार नाही.

शॉकमध्ये गेलेल्या, म्हणजे रक्ताभिसरण कोसळलेल्या मुलाचे हातपाय गार पडतात, टाचेपर्यंत रक्त धड पोचत नाही. तिथं टाचेचा थेंब खऱ्या पातळीचा साक्षीदार होऊ शकत नाही, धमनीत आधीच घातलेल्या नळीतूनच (आर्टेरियल लाइन) नमुना घ्यावा लागतो. आणि ज्या लाइनमधून औषध चाललंय तिच्यातूनच रक्त ओढलं तर आकडा आभाळाला भिडतो, कारण नळीतलं औषधच मोजलं जातं.

टाचेला टोचणं कमी दुखतं, असं आपण धरून चालतो. पूर्ण दिवसांच्या नवजात बाळांवरच्या अभ्यासांत उलटं दिसलंय: सराव असलेल्या हातानं शिरेतून घेतलेलं रक्त टाचेपेक्षा कमी दुखतं. बाळ अंगावर पीत असताना किंवा जिभेवर साखरपाण्याचे थेंब देऊन टोचलं तर रडणं कमी होतं, हेही तपासलेलं आहे. थेंबभर रक्त म्हणजे थेंबभर दुखणं नव्हे. संमती मागणाऱ्यानं दोन्हींचा हिशेब वेगवेगळा सांगायला हवा.

म्हणजे आमच्या लेकरावर प्रयोग?

हा शब्द आला की माणसं मागं सरकतात, आणि त्याला कारणं आहेत. आंध्र प्रदेश आणि गुजरातेत मुलींना एचपीव्ही लस (गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगापासून बचाव करणारी) देण्याचा प्रकल्प २०१० साली थांबवावा लागला. चौकशीत निघालं की आंध्रात कितीतरी मुलींच्या संमतीपत्रावर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डननी सह्या केल्या होत्या. असं घडलेलं असताना लोकांनी आंधळा विश्वास ठेवावा, असं म्हणायचा अधिकार कुणाला नाही.

पण इथं एक फरक समजून घ्यायला हवा. नवं, न पाहिलेलं औषध देऊन पाहणं हा एक प्रकार. थेंबांच्या अभ्यासांत बहुतेक वेळा औषध नवं नसतं. ते तुमच्या मुलाला तसंही दिलं जाणार असतं, आजही देत आहेत. अभ्यास फक्त ते रक्तात किती चढलं हे मोजतो. न मोजता देणं हाही एक प्रयोगच असतो, फक्त त्याची नोंद कुणी ठेवत नाही. अर्थात दोन्ही प्रकारांचे कागद दिसायला सारखेच जाड असतात. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारायचा: हे औषध अभ्यास नसता तरी दिलं असतं का?

नियम काय सांगतात? रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीची, म्हणजे संशोधन नीतीला धरून आहे का हे तपासणाऱ्या समितीची, मंजुरी असल्याशिवाय असा अभ्यास सुरू करता येत नाही. नव्या औषधांच्या चाचण्यांना २०१९ चे केंद्राचे नियम लागू आहेत, आणि चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई त्यांत सांगितलेली आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार आईबापांची लेखी संमती लागतेच; शिवाय सात वर्षांच्या पुढच्या मुलाला त्याच्या भाषेत सांगून त्याचाही होकार घ्यायचा, बारापर्यंत तोंडी, त्यापुढे लेखी. बेशुद्ध मुलाला विचारता येत नाही, हे उघड आहे. पण शुद्धीवर असलेल्या नऊ वर्षांच्या पोरानं "नको" म्हटलं आणि बापानं "घ्या हो डॉक्टर, त्याला काय कळतंय" म्हटलं, तर तिथं पोराचं ऐकायचं असतं. आपल्याकडे हे पचायला जड जातं.

नाही म्हटलं तर उपचार थांबत नाहीत, थांबवता येत नाहीत. आज हो म्हणून उद्या नाही म्हणता येतं. मध्यरात्री मूल ॲडमिट होतंय आणि तेव्हाच कागद पुढे आला, तर सकाळी सांगतो म्हणायलाही हरकत नाही. उरलेल्या रक्तावरचा अभ्यास असेल तर सकाळपर्यंत काही बिघडत नाही.

आणि यातून आमच्या बाळाला काय?

बहुतेक वेळा काहीच नाही. हे आधीच सांगितलेलं बरं.

काही मोठ्या रुग्णालयांत व्हॅन्कोमायसिन, अमिकासिनसारख्या औषधांची पातळी उपचाराचा भाग म्हणून मोजतात. तो आकडा त्याच दिवशी डॉक्टरांच्या हातात येतो आणि तुमच्याच मुलाचा डोस बदलतो. अभ्यासाचे नमुने तसे नसतात. कार्डं साठवतात, पुरेशी जमली की एकदम यंत्रावर लावतात. आकडे यायला महिने लागतात, गणित मांडायला आणखी. तोवर तुमचं लेकरू घरी गेलेलं असतं. फायदा झाला तर पुढच्या वर्षी त्या पेटीत येणाऱ्या, त्याच वजनाच्या दुसऱ्या कुणाच्या बाळाला होतो. तुमच्या बाळाला आज जो डोस मिळतोय तो जिथं नीट ठरलेला आहे, तिथं तो आधीच्या कुणाच्या तरी लेकरांच्या थेंबांवर ठरलेला आहे. कागदावर 'आपल्या मुलास लाभ होईल' असं मोघम वाक्य असेल तर कुठला लाभ, ते विचारा. सांगता आलं नाही तर ते वाक्य खोडायला लावा.

बाकी विचारायच्या गोष्टी थोड्या आहेत. एका वेळी किती मिली, आणि चार आठवड्यांत सगळं मिळून किती? आकडा मिलीत मागा, 'थोडंसं' हे उत्तर नाही. अभ्यासासाठी वेगळं टोचणार, की चालू तपासणीबरोबरच घेणार? घेणारं माणूस नवशिकं की सरावाचं? लेकराचं रक्त आधीच कमी असेल, हिमोग्लोबिन घसरलेलं असेल तर नमुने थांबवणार का, आणि किती आकड्याला? उरलेलं कार्ड किती वर्षं ठेवणार, दुसऱ्या कशाला वापरणार का? औषधाची चाचणी असेल तर भारतातल्या क्लिनिकल ट्रायल रजिस्ट्रीत तिची नोंद असावी लागते. तो क्रमांक मागा, इंटरनेटवर कुणालाही फुकट बघता येतो. सही केलेल्या कागदाची एक प्रत तुमच्याकडे राहते, आणि तिच्यावर एथिक्स कमिटीचा फोन नंबर असतो. नसला तर सही करण्याआधी लिहून मागा.